सिकलसेल, शाळा आणि खाडे: उत्तर नागपुरातील एका कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर नागपुरातील एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, वस्ती आणि काही तपशील बदलले आहेत. मुलीला येथे वर्षा म्हटले आहे. तिचे वडील सेंट्रिंगचे काम करतात आणि आई चार घरी धुणीभांडी व स्वयंपाक करते. धाकटा भाऊ वर्षापेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. वडिलांना काम मिळाले त्या दिवशी सातशे रुपये मिळतात आणि पावसाळ्यात अनेक दिवस काहीच मिळत नाही. आईचे चार घरांचे मिळून महिन्याला आठ हजारांच्या आसपास होतात, पण प्रत्येक खाड्याचे पैसे त्यातून कापले जातात.

वर्षा सात वर्षांची असताना वारंवार ताप येणे, हातपाय सुजणे आणि रात्री रडत उठण्याइतके दुखणे सुरू झाले. आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी आणि नंतर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी झाल्यावर निदान झाले: सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, एसएस प्रकार, म्हणजे सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलेला. आई आणि वडील दोघेही एएस, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले वाहक निघाले. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. विदर्भात हा आजार नवा नाही. अनुसूचित जाती, आदिवासी आणि काही इतर मागास समाजांतील अनेक घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त पूर्वी त्याला नाव नव्हते. वर्षाची एक आत्या गावी अकराव्या वर्षी ‘हाडं दुखून’ वारली होती. तिचे रक्त कधी तपासले गेले नाही, पण या घरात आजाराची जी कल्पना होती, ती त्या मृत्यूवरून बनलेली होती. पुढच्या सगळ्या निर्णयांवर त्या कल्पनेची छाया होती, म्हणून तिचा उल्लेख आधीच केला आहे.

निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. एसएस रुग्णाची दहा ते वीस दिवसांत फुटते. ऑक्सिजन सोडल्यावर पेशी कडक होऊन कोयत्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि त्या भागात असह्य वेदना सुरू होतात. थंडी, ताप, जंतुसंसर्ग, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही या वेदनांची नेहमीची कारणे आहेत. नागपूरचा मे महिना आणि डिसेंबरची पहाट ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या यादीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

समस्या

कुटुंब आमच्या समुपदेशन गटाकडे आले तेव्हा, म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, वर्षा दहावी ५८ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली होती. नववीत आणि दहावीत तिची हजेरी इतकी कमी होती की ७५ टक्क्यांची अट शिथिल करून घेण्यासाठी वडिलांना मुख्याध्यापकांपुढे वैद्यकीय कागद घेऊन उभे राहावे लागले होते. घरात भिशीचे साठ हजार रुपये जमले होते. ते धाकट्याला खाजगी इंग्रजी शाळेत घालण्यासाठी वापरावेत, हे जवळपास ठरले होते. त्या शाळेचा वार्षिक खर्च ३५ हजारांच्या घरात जात होता. वर्षाला पुढे शिकायचे होते.

पहिल्याच भेटीत आईने जो प्रश्न विचारला, त्यात सगळे प्रकरण आले होते: “पहिले हे सांगा मॅडम, पोरगी किती वर्षं जगन? मंग पैसे लावाचे का नाही ते ठरवू.”

हा प्रश्न निष्ठुर नव्हता. नऊ वर्षे मुलीच्या उशाशी रात्री काढलेल्या बाईचा तो प्रश्न होता. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तर तो अगदी नेमका होता. शिक्षणावरचा खर्च आज होतो आणि त्याचा परतावा पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हप्त्याहप्त्याने येतो. ती वर्षे मिळणारच नाहीत असे वाटत असेल, तर खर्च थांबवणे हा हिशेबातून निघणारा निष्कर्ष आहे. श्रीलंकेत १९४६ ते १९५३ या काळात माता-मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन आणि एड्रियाना येरास-मुनी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की जेथे ही घट जास्त झाली तेथे मुलींचे शिक्षण मुलांच्या तुलनेत अधिक वाढले. मुली जगतील हा भरवसा आला, तसे त्यांना शाळेत ठेवणे पालकांना परवडू लागले. या घरात तोच भरवसा नव्हता, आणि तो नसण्यामागे उपचार उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळातला एक मृत्यू होता.

दुसरी अडचण औषधाची होती. तेराव्या वर्षी वर्षाला हायड्रॉक्सियुरिया सुरू केले गेले होते. हे औषध गर्भावस्थेतील प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात. प्रौढ रुग्णांवरच्या १९९५ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत ते ४४ टक्क्यांनी कमी झाले होते. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळत होते. तरीही चार महिन्यांत ते बंद पडले. एक कारण असे, की कोणीतरी ‘हे कॅन्सरचं औषध आहे’ असे सांगितले, आणि ते अर्धसत्य समजावून सांगणारे कोणी भेटले नाही. दुसरे कारण जास्त खोलवरचे होते. या औषधावर असताना रक्तातील पेशींची तपासणी ठरावीक अंतराने करावीच लागते. त्यासाठी ओपीडीच्या दिवशी सकाळी रांग, दुपारी नमुना, मग अहवाल. मुलीची शाळा बुडते आणि आईचा खाडा होतो. औषधाची किंमत शून्य होती, पण ते घेण्याची किंमत एक दिवसाची मजुरी होती.

तिसरी गोष्ट वर्षाने तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आई बाहेर गेल्यावर सांगितली. ती शाळेत पाणीच पीत नव्हती. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची क्षमता कमी होते, म्हणून रुग्णाला वारंवार लघवीला जावे लागते. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती आणि तासाला दोनदा परवानगी मागितली की वर्गात हसू व्हायचे. त्यावर तिने पाणी बंद करण्याचा उपाय काढला होता. मार्चमध्ये, परीक्षेच्या ऐन दिवसांत, तिला झटके का येत, याचे एक कारण त्या न प्यालेल्या पाण्यात होते. आजारामुळे शाळा बुडते हे सर्वांना दिसत होते. शाळेमुळे आजार वाढतो आहे हे कोणीच पाहिले नव्हते.

समोर असलेले पर्याय

अर्थशास्त्रज्ञ मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याकडे भांडवल म्हणून पाहण्याची जी मांडणी केली, ती येथे उपयोगी पडली. माणूस आरोग्याचा काही साठा घेऊन जन्मतो, वयाबरोबर तो झिजतो, आणि पैसा, वेळ व काळजी घालून तो काही प्रमाणात भरून काढता येतो. शिक्षण असेल तर तेवढ्याच पैशात आणि वेळात जास्त आरोग्य राखता येते, असे त्या मांडणीत गृहीत आहे. शिकलेले लोक निरोगी असतात यामागे इतरही कारणे असू शकतात. घरची सुबत्ता किंवा दूरचा विचार करण्याची सवय या दोन्हींमुळे शिक्षण आणि आरोग्य एकाच वेळी सुधारते, आणि मग एकामुळे दुसरे घडले असे उगीच वाटते. पण वर्षाच्या बाबतीत एक गोष्ट निर्विवाद होती. तिच्या साठ्याची झीज जन्मापासूनच वेगवान होती, आणि तिच्या घरातली दोन्ही उत्पन्ने शरीराच्या कष्टावर उभी होती. वस्तीत सर्रास मानले जाते की शिक्षण धडधाकट पोराला द्यावे, आजारी पोराला जमेल तेवढे काम शिकवावे. आमचे मत याच्या नेमके उलट होते आणि आजही आहे: ज्याचे शरीर कष्ट सोसू शकत नाही, त्याची कमाई शरीरापासून जितकी दूर नेता येईल तितकी न्यावी, आणि ते शिक्षणाशिवाय होत नाही.

पहिला पर्याय होता शिक्षण थांबवून शिवणकाम शिकण्याचा आणि दोन-तीन वर्षांत लग्नाचा. वडिलांचा कल तिकडे होता. वर्षाला स्वतःला नर्सिंग करायचे होते. रुग्णालयात इतके दिवस काढलेल्या मुलीला ते वाटणे स्वाभाविक होते. त्यासाठी अकरावी विज्ञान, शिकवणी आणि पुढे मोठी फी लागणार होती, पण आमची अडचण पैशाची नव्हती. रात्रपाळ्या, तासन्‌तास उभे राहणे आणि संसर्गाचा सततचा संपर्क हे तिच्या आजाराला थेट प्रतिकूल होते. आयटीआयचा एक वर्षाचा संगणक चालकाचा, म्हणजे ‘कोपा’चा, अभ्यासक्रम स्वस्त आणि बैठा होता, मात्र त्यानंतर मिळणारे काम बहुतेक तात्पुरते असते. अकरावी वाणिज्य हा शेवटचा पर्याय. घरापासून पायी पंधरा मिनिटांवर एक अनुदानित कनिष्ठ महाविद्यालय होते.

वडिलांच्या मनात आणखी एक हिशेब होता, तो आम्हाला उशिरा कळला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश झाला आहे. प्रमाणपत्र काढले की मुलीला सरकारी नोकरी लागेल, मग बारावी झाली काय नि नाही काय, असे त्यांना कोणी सांगितले होते. येथे कायदा नीट वाचून दाखवणे भाग होते. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले, तर कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभ मिळतो. नोकरीतील ४ टक्के आरक्षण मात्र कलम ३४ मध्ये आहे, आणि तेथे दिलेल्या गटांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार नाहीत. कायदा या मुलांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेतो आणि नोकरीच्या दारात सोडून देतो. हे अन्यायकारक आहे आणि बदलायला हवे; परंतु एखाद्या कुटुंबाने आजचा निर्णय उद्याच्या दुरुस्तीवर सोडावा, असा सल्ला देता येत नव्हता. उलट, आरक्षित नोकरी नसल्यामुळे पदवीची गरज वाढत होती.

निर्णय आणि कृती

पहिले पाऊल म्हणून आईच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल अशा व्यक्तीपुढे तो प्रश्न नेला. रक्तविकारांच्या ओपीडीतील डॉक्टरांनी वर्षांचा आकडा दिला नाही. त्यांनी आत्याच्या काळात काय नव्हते ते सांगितले: निदान, न्यूमोनियासारख्या संसर्गांविरुद्धची न्यूमोकोकसची लस, तापात तातडीने प्रतिजैविक, हायड्रॉक्सियुरिया. त्यांच्याकडे येणारे अनेक एसएस रुग्ण आज नोकरी करतात, संसार करतात, हेही सांगितले. आणि औषध सोडल्यास काय होते तेही लपवले नाही. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत. घरी जाताना त्यांनी आईला विचारले की बहिणीला हे औषध मिळाले असते तर काय झाले असते. हे आईने आम्हाला नंतर सांगितले.

दुसरे पाऊल हिशेबाचे. आई प्रत्येक खाडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने फुली मारून लिहीत असे, कारण महिनाअखेर कामाच्या घरच्या मालकिणींशी वाद होतो. दूध, गॅस, खाडे, सगळे एकाच चौकटीत. मागच्या वर्षीचे कॅलेंडर तिने जपून ठेवले होते. आम्ही तिघे-चौघे जमिनीवर बसून एकेक महिना उलटत गेलो, आणि तिला प्रत्येक फुलीचे कारण आठवत होते. मुलीच्या आजारापायी तिचे ३३ खाडे झाले होते, दिवसाला २६० रुपयांप्रमाणे ८,५८० रुपये. वडिलांचे १४, म्हणजे ९,८०० रुपये. चार वेळा भरती करावे लागले, त्यात ऑटो, बाहेरचे जेवण आणि बाहेरून आणलेले सामान मिळून प्रत्येक वेळी अडीच हजारांच्या आसपास. एकूण २८ हजारांच्या वर. ‘सरकारी दवाखान्यात फुकट’ असलेल्या आजाराची ही एका वर्षाची किंमत होती, आणि ती कोणीच कधी मोजली नव्हती. दुसऱ्या बाजूला औषध पुन्हा सुरू केले तर वर्षभरात तपासणीच्या सुमारे आठ फेऱ्या, प्रत्येकी एक खाडा आणि शंभर रुपये प्रवास: तीन हजारांच्या आत. वडिलांनी हे आकडे स्वतः दोनदा जुळवून पाहिले. त्यांना भावनिक आवाहन करण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर वाणिज्य शाखेत प्रवेश घेतला. दुपारपाळीचा आग्रह धरला, कारण डिसेंबरात सकाळी सातच्या वर्गाला जाणे म्हणजे थंडीत झटक्याला आमंत्रण. महाविद्यालयाला डॉक्टरांचे पत्र दिले: पाण्याची बाटली बाकावर राहील, स्वच्छतागृहात जाण्यासाठी परवानगी लागणार नाही, मैदानावरची धावपळ सक्तीची नसेल. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. ते मिळायला अनेक महिने गेले, पण बारावीच्या परीक्षेत तासाला वीस मिनिटे जादा वेळ त्याच्याच आधारावर मिळाला. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरला. भावाचे रक्त तपासले. तो एएस निघाला, म्हणजे वाहक, आजारी नव्हे.

साठ हजारांचे काय करायचे, हा सर्वांत अवघड प्रश्न होता. फी आणि पुस्तके मिळून वर्षाच्या अकरावीला सात हजारांपेक्षा जास्त लागणार नव्हते, त्यामुळे मुलगी की मुलगा अशी सरळ निवड नव्हती. पण भावाची इंग्रजी शाळा एकदा सुरू केली की दरवर्षी ३५ हजार लागणार आणि आजारपणासाठी हातात काहीच राहणार नाही. आम्ही दोन्ही बाजू मांडल्या आणि ठरवणे घरावर सोडले. त्यांनी वीस हजार आजारपणासाठी बँकेत वेगळे ठेवले, वर्षाची फी भरली, आणि भावाला अनुदानित मराठी शाळेतच राहू दिले.

परिणाम

पहिल्या वर्षी आईचे आजारपणाचे खाडे ३३ वरून १२ वर आले आणि भरती एकदाच करावे लागले. वर्षाची हजेरी ८० टक्क्यांच्या वर गेली.

२०२३ च्या मे महिन्यात घडी विस्कटली. बरे वाटते म्हणून तिने आपणहून औषध सोडले, आणि सुटीत एका लग्नासाठी गावी असताना उन्हात दोन दिवस काढल्यावर तीव्र झटका आला. त्यानंतर उजवा खुबा दुखत राहिला. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या खुब्यातील गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटल्याची सुरुवात दिसली. हे नुकसान नेमके त्या झटक्याचे की आधीच्या वर्षांचे, हे सांगता येत नाही. बारावीचे पहिले सत्र जवळपास घरीच गेले. या काळात वडिलांनी पुन्हा शिक्षण सोडण्याचा विषय काढला नाही. बँकेतले वीस हजार खर्ची पडले, पण कर्ज काढावे लागले नाही.

२०२४ मध्ये वर्षा बारावी ६४ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. सध्या ती बी.कॉम. करते आणि दुपारी इतवारीतील एका ठोक व्यापाऱ्याकडे संगणकावर, टॅली या हिशेबाच्या प्रणालीत, हिशेब लिहिते. काम बैठे आहे, पाण्याची बाटली शेजारी असते आणि झटक्याच्या दिवशी नोंदी घरून पूर्ण करता येतात. महिन्याला सहा हजार मिळतात. वडिलांच्या नऊ दिवसांच्या मजुरीपेक्षाही ते कमी आहेत. मात्र तिच्या औषध-तपासणीचा आणि प्रवासाचा खर्च आता तिच्याच पैशातून होतो. गोळ्या कधी घ्यायच्या, पेशींचा अहवाल कसा वाचायचा, ताप आला तर किती तासांत निघायचे, हे ती स्वतः पाहते. शिक्षण आरोग्याचा साठा कसा भरते याचे याहून साधे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

भावाची बाजूही नोंदवायला हवी. इंग्रजी शाळेची संधी हुकली असे त्याला वाटते, आणि ‘ताईमुळे’ असे तो रागाच्या भरात म्हणतो. एका घरात पैसे मोजकेच असतील तर आजारी मुलावर केलेल्या योग्य खर्चाचाही भार दुसऱ्या मुलावर पडतो.

वेगळे काय करता आले असते

निदान सातव्या वर्षी झाले आणि शाळेला पहिले पत्र सोळाव्या वर्षी गेले. मधल्या नऊ वर्षांत मुलगी शेकडो तास कडी नसलेल्या स्वच्छतागृहामुळे तहानलेली बसली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी आवश्यकच आहे. पण प्रत्येक एसएस निदानासोबत त्याच दिवशी शाळेसाठी छापील पत्र दिले गेले पाहिजे, आणि त्यात पाणी, स्वच्छतागृह, थंडीत दुपारचे वर्ग व हजेरीतील सवलत या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. त्याला वेगळा निधी लागत नाही.

हायड्रॉक्सियुरिया पहिल्यांदा बंद पडले ते वाचवता आले असते. तपासणीचा दिवस शनिवारी असता, किंवा रक्ताचा नमुना वस्तीजवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन मोठ्या रुग्णालयात पाठवला गेला असता, तर खाडा अर्ध्या दिवसाचा झाला असता. मोफत औषधाची योजना आखताना रुग्णाच्या आईची मजुरी खर्चाच्या रकान्यात धरली जात नाही, ही मोठी त्रुटी आहे.

दुसऱ्यांदा औषध सुटले तेव्हा वर्षा सतरा वर्षांची होती आणि सगळे समुपदेशन आईवडिलांशी चालले होते. या वयातील मुलांशी वेगळे, त्यांच्या भाषेत आणि पालकांच्या अनुपस्थितीत बोलण्याची व्यवस्था अकरावीच्या प्रवेशाबरोबरच व्हायला हवी होती. आता आमच्या गटात पंधरा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र भेट ठेवली जाते, आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एक भेट फक्त औषध आणि पाणी या विषयावर होते.

भावाशीही तेव्हा कोणी बोलले नव्हते. तो अकरा वर्षांचा होता. घरात कोणता हिशेब चालू आहे आणि का, हे समजण्याइतका मोठा होता. पुढे त्याच्यासमोरही एक प्रश्न येणार आहे, कारण तो वाहक आहे: लग्नाआधी जोडीदाराचे रक्त तपासून घेणे. ती माहिती त्याला आजाराची भीती म्हणून मिळते की साधी आकडेमोड म्हणून, हे आता त्याच्याशी होणाऱ्या बोलण्यावर अवलंबून आहे. त्या भेटी यंदापासून सुरू केल्या आहेत, आणि पहिल्या भेटीला वर्षा स्वतः त्याला घेऊन आली होती.